नसीमच्या डोळ्यांचा रंग

पान एकशे सव्वीसवर नसीमचे डोळे काळे झाले. पान बारावर ते घारे होते. मी लाल पेन खाली ठेवला, चष्मा पुसला आणि मनाशी म्हणालो, सापडलं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. त्या दिवशी आणि त्यानंतरच्या तीन दिवसांत मी एका बाईचा चेहरा खोडून काढला. बाई सात महिन्यांपूर्वी वारली होती. तिचा चेहरा त्या हस्तलिखिताच्या मागच्या अर्ध्या भागात होता आणि दुसरीकडे जवळपास कुठेच नव्हता. मला हे माहीत नव्हतं हे खरं आहे. पण माहीत करून घ्यायची एक संधी मला मिळाली होती. ती मी कशी घालवली, तेवढं सांगायचं आहे.

मी यवतमाळात मुद्रितशोधनाचं काम करतो. हा माणूस ऱ्हस्व-दीर्घ तपासतो, अशी लोकांची समजूत असते. ते असतंच. पण कादंबरी आली की आणखी एक काम असतं, त्याला आम्ही कंटिन्युइटी म्हणतो. म्हणजे पहिल्या पानावर जे सांगितलं ते शेवटच्या पानापर्यंत टिकतं की नाही ते बघणं. एका लेखकाची आत्या बाराव्या प्रकरणात वारली आणि अठराव्यात पुरणपोळ्या लाटत बसली. ते माझ्या नजरेतून सुटलं. पुस्तक छापून आलं, आणि नंतर वर्षभर मला ओळखीचे लोक रस्त्यात थांबवून आत्याची तब्येत विचारायचे. तेव्हापासून मी प्रत्येक कादंबरीला एक तक्ता करतो. नाव, वय, उंची, रंग, केस, डोळे, खूण. प्रेसवाले त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. मला त्या तक्त्याचा अभिमान होता.

वीस वर्षांच्या तक्त्यांवरून एक गोष्ट सांगू शकतो. आमच्या भागातले लेखक नायिका लिहायला बसले की तिचे डोळे घारे करतात आणि केस कमरेपर्यंत सोडतात. केसांना उन्हात तपकिरी झाक असते. नाक चाफेकळी, रंग केतकी. मी रोज दत्त चौकातून येतो-जातो, तिथे घाऱ्या डोळ्यांची माणसं शोधावी लागतात. आणि ज्या जिल्ह्यात बायका कापूस वेचायला जाताना केसांचा गच्च अंबाडा बांधून वर रुमाल आवळतात, तिथल्या कादंबऱ्यांत एकाही नायिकेचे केस झाडाला अडकत नाहीत. मी याला हसायचो. पण तक्ता भरताना 'डोळे: घारे' असं लिहून पुढे जायचो.

ही कादंबरी होती हमीदभाईंची. हमीदभाई पांढरकवड्याचे. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची पंपाची मोटर जळली की शेतकरी ती त्यांच्याकडे आणतात. ते आतली जळकी तांब्याची तार काढतात आणि नवी तेवढ्याच फेऱ्यांची भरतात. मराठी शाळेत शिकलेले, साठी उलटलेली, हाताची बोटं वार्निशने कायमची पिवळी. पुढच्या बाकावर बसून तीन रजिस्टरं भरून त्यांनी कादंबरी लिहिली होती. नायिका नसीम, वय सव्वीस, राहणार मुकुटबन, शिलाई मशीनवर घर चालवणारी.

पहिल्या आठ प्रकरणांत नसीम उंच होती, गोरी होती, केस कमरेपर्यंत, डोळे घारे. तक्ता भरून झाला. नवव्या प्रकरणापासून तीच नसीम बुटकी झाली. मिरचीचा डबा काढायला स्टूलवर चढू लागली. रंग उन्हाने रापलेला. डोळे बारीक आणि काळे, 'बोरीच्या बीसारखे', उजव्या पापणीवर तीळ. आणि केस तीन रंगांचे: कपाळाशी पांढरे, मधे मेंदीने नारिंगी झालेले, टोकाला जुने काळे. सव्वीस वर्षांच्या मुलीचे.

एक कबूल केलं पाहिजे. नवव्या प्रकरणापासून भाषाही बदलली होती. वाक्यं लहान झाली होती, उपमा कमी. मी वाचताना दोन वेळा थांबलो होतो, आणि कामात मी थांबत नाही. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात 'येथून लेखन सुधारले' असं लिहूनही ठेवलं होतं. पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. डोळ्यांना होता.

मी विजयभाऊंकडे गेलो. विजयभाऊ म्हणजे प्रेसचे मालक आणि प्रकाशक. मला काम देणारे तेच.

"भाऊ, नायिका अर्ध्यात बदलली."

"म्हणजे? दुसरी आणली का त्यानं?"

"नाव तेच आहे. डोळे, केस, उंची, रंग, सगळं वेगळं."

"मंग करा ना एकसारखं. तुम्हाले कायले बसवलं इथं?"

"कोणती ठेवू?"

विजयभाऊंनी टेबलाखालून एक गठ्ठा ओढला आणि वरचा कागद माझ्यासमोर धरला. मुखपृष्ठ छापून आलेलं होतं. इंटरनेटवरून घेतलेला एका बाईचा चेहरा, वाऱ्यावर उडणारे तपकिरी केस, आणि डोळे मांजरीसारखे घारे. ती बाई पांढरकवड्याला कधी आली असेल असं वाटत नव्हतं.

"हे पाहा," ते म्हणाले. "कव्हर झालं. आता काळे डोळे कुठून आणू? सुरुवातीची ठेवा. अन् शुक्रवारी फाइल पाहिजे मले, हॉल बुक होऊन बसला."

"लेखकाला विचारावं लागेल."

"इचारा ना. नाही कोण म्हणते?"

इथे आमच्या धंद्यातला एक नियम सांगतो. शंका आली की समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि पान लेखकाकडे पाठवायचं. त्याला क्वेरी म्हणतात. लेखक उत्तर लिहून पान परत पाठवतो. यात आठवडा जातो. मी फोन केला.

मागे कुठल्या तरी मोटरीचा आवाज येत होता. हमीदभाई म्हणाले, "थांबा सर, बंद करतो." आवाज बंद झाला.

"हमीदभाई, नसीमचे डोळे सुरुवातीला घारे आहेत आणि नंतर काळे होतात."

"हो."

"म्हणजे सुरुवातीला घारेच होते ना?"

"सुरुवातीले घारेच होते."

"मग शेवटपर्यंत घारेच ठेवतो. वाचकाचा गोंधळ नको."

पलीकडे शांतता. मी मनात चार-पाच आकडे मोजले असतील. मग मला वाटलं रेंज गेली असावी, म्हणून मी म्हणालो, "केसांचंही तसंच करतो. उंचीचंही."

"पुस्तकात तसं करा लागते का सर?"

"करावं लागतं."

"मंग करा. तुमच्या लाइनीतलं तुम्हालेच समजते. मी कायले मधात बोलू?"

मी समाधानाने फोन ठेवला. लेखकाची संमती मिळाली होती. क्वेरीच्या रकान्यात मी 'फोनवर विचारले, होकार' असं लिहून तारीख घातली. ते रजिस्टर अजून माझ्याकडे आहे. त्या फोनमध्ये मी विचारलं एकच होतं, आणि तेही उत्तर सोबत जोडून.

मग मी कामाला बसलो. कॉम्प्युटरवर एक शब्द शोधून सगळीकडे बदलता येतो, पण मी तसलं आंधळं काम करत नाही. मी एकेक जागा वाचून, पुढचं-मागचं वाक्य बघून बदलली. निष्काळजीपणा केला असता तर चार-दोन जागा तरी सुटल्या असत्या. मी एकही सोडली नाही. डोळे घारे केले, आणि एका ठिकाणी वाक्य रिकामं वाटलं म्हणून स्वतःच्या पदरचं 'टपोरे' घातलं. बोरीचं बी गेलं, कारण घाऱ्या डोळ्यांना ते लागू पडत नव्हतं. तीळ गेला, कारण पहिल्या आठ प्रकरणांत तो नव्हता. मेंदी गेली. उंच बाईला मिरचीच्या डब्यासाठी स्टूल लागत नाही, म्हणून स्टूलही काढून टाकलं. चौदाव्या प्रकरणात आजारी नसीम ओढणी सोडते तेव्हा तिचे केस 'मुठीत मावतील एवढे' उरलेले असतात असं वाक्य होतं. मी ते 'मुठीत न मावतील एवढे' केलं. एका अक्षराची भर. मला तेव्हा ते फार सफाईचं वाटलं.

शुक्रवारी फाइल गेली. विजयभाऊ म्हणाले, "सर, तुम्ही बाई बनवली राव." मी नाही नाही म्हणालो, पण चहा घेतला.

प्रकाशन पांढरकवड्याला झालं. दुकानदार, मेकॅनिक, दोन-तीन शाळांचे शिक्षक, जवळच्या गावांतले शेतकरी. ज्यांच्या मोटरी हमीदभाईंनी बांधल्या होत्या ते सगळे आले होते. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य होते. ते म्हणाले, "पुस्तक मिटल्यावरही नसीमचे ते टपोरे घारे डोळे आपला पाठलाग करतात." टाळ्या पडल्या. 'टपोरे' माझं होतं, म्हणून मीही थोडा ताठ बसलो. हमीदभाई बोलायला उठले आणि एवढंच म्हणाले, "मी जसं जमलं तसं लेहलं. सरांनी त्याचं पुस्तक केलं." मग खाली बसून हातातलं पुस्तक उलटं-सुलटं करत राहिले. उघडलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्यांची मुलगी माझ्याकडे आली. तिचं नाव शाहीन. ती पुसदला शाळेत शिकवते. तिच्या एका हातात पुस्तक होतं आणि काखेत तीन रजिस्टरं.

"सर, हे तुम्हीच तपासलं ना?"

"हो."

"मग अम्मी कुठं गेली यातली?"

मला समजलं नाही. तिने रजिस्टर उघडलं, पुस्तक उघडलं, आणि दोन्ही माझ्यासमोर खुर्चीवर ठेवली. ती रागावलेली नव्हती. शाळेत मुलाला त्याची वही दाखवावी तसं ती बोट ठेवून दाखवत होती.

"आठव्यापर्यंत अब्बांनी असंच मनानं लिहिलं होतं. अम्मी हसायची. म्हणायची, ही कोण बया हाये? मुकुटबनात असे डोळे कोणाचे असते? माहेर माझं हाये, मले माहीत नाही का? मग तिचं दुखणं निघालं. नागपूरच्या दवाखान्यात अब्बा तिच्याजवळ बसून पुढचं लिहायचे, आणि रोज लिहिलेलं तिला वाचून दाखवायचे. नववं प्रकरण ऐकून ती म्हणाली, आता जमली."

तिने रजिस्टरचं पान उलटलं.

"अम्मी फोटो काढू द्यायची नाही. लग्नातसुद्धा ओढणी पुढे घ्यायची. तिचा फोटो एकच आहे, आधार कार्डावरचा. त्यात तर कोणीच स्वतःसारखं दिसत नाही. माझा मुलगा दीड वर्षाचा आहे सर. मला वाटलं होतं, मोठा झाल्यावर तो हे वाचेल आणि त्याला कळेल, नानी कशी होती." मग तिने पुस्तक मिटलं. मुखपृष्ठावरची बाई आमच्याकडे बघत होती. "आता तो हिला नानी समजेल."

मी फोनचं सांगितलं. अब्बांनी होकार दिला होता, असं म्हणालो. म्हणताना मला माझाच आवाज विजयभाऊंसारखा वाटला.

"अब्बा कोणालाच नाही म्हणत नाहीत," शाहीन म्हणाली. "दुकानातली उधारी बघा."

चार दिवसांनी मी पांढरकवड्याला दुकानात गेलो. हमीदभाई बाकावर मोटर उघडून बसले होते. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा सांगितला. मी विचारलं, तुम्ही फोनवर बोलला का नाहीत?

"काय बोलू? गिऱ्हाईक माह्या दुकानात येते अन् म्हणते, हमीदभाई, तार जरा जाड टाका, फेरे दोन वाढवा. मी त्याले बाहेर बसवतो. ज्याचं काम त्याले करू द्या. मंग मी तुमच्या कामात कसा हात घालू?" त्यांनी जळकी तार पक्कडीने ओढली. ती काळी पडून तुटत होती. "फक्त एक सांगतो सर, राग नका मानू. जुनी तार काढाच्या आधी आम्ही फेरे मोजतो. मोटर कशीही जळली असू द्या. न मोजता तार काढली का मंग ती मोटर कोणाचीच राहत नाही."

हे त्यांनी मोटरीकडे बघतच सांगितलं. मी राग मानला नाही. मानला असता तर बरं वाटलं असतं.

पुस्तकं छापून झाली होती, अर्धी वाटलीही गेली होती. पुन्हा छापणं विजयभाऊ करणार नव्हते. माझ्या हातात एकच गोष्ट होती, शुद्धिपत्र. पुस्तक छापल्यावर चुका सापडल्या की एका वेगळ्या कागदावर त्या छापतात आणि पुस्तकाच्या सुरुवातीला चिकटवतात. अमुक पान, अमुक ओळ, अमक्याऐवजी तमुक वाचावे. सहसा चार-पाच ओळी असतात आणि त्या कोणी वाचत नाही. मी शाहीनकडून रजिस्टरं घेतली आणि माझे सगळे बदल उलटे केले. त्रेचाळीस ओळी झाल्या.

"हे शुद्धिपत्र हाये का दुसरी कादंबरी?" विजयभाऊ म्हणाले. "अन् एवढ्या चुका छापल्यावर तुम्हाले पुढं काम कोण देईन?"

"खाली माझं नाव टाका. लेखकाच्या चुका नाहीत, असं स्पष्ट लिहा."

"तुमची मर्जी."

ते हसले, पण छापून दिलं. प्रत घेऊन मी पुन्हा पांढरकवड्याला गेलो. शाहीन सुट्टीला आलेली होती. हमीदभाई म्हणाले, चष्मा घरी राहिला, तुम्हीच वाचा. मी शुद्धिपत्र मोठ्याने वाचू लागलो. माझ्या आयुष्यात ही वेळ पहिलीच.

"पान एकशे सव्वीस, ओळ चार. 'टपोरे घारे डोळे' याऐवजी 'बोरीच्या बीसारखे बारीक काळे डोळे' असे वाचावे. पान एकशे अठ्ठावीस, ओळ सतरा. 'तिने हात वर करून डबा काढला' याऐवजी 'ती स्टूलवर चढली आणि तरी टाचा उचलल्या' असे वाचावे."

शाहीन हसली. "टाचा उचलायचीच," म्हणाली.

"पान एकशे चाळीस, ओळ नऊ. 'तपकिरी केस' याऐवजी 'पांढरे, नारिंगी आणि काळे केस' असे वाचावे."

हमीदभाईंनी काम थांबवलं होतं. पिवळी बोटं मांडीवर ठेवून ते ऐकत होते. पान एकशे नव्वदवरचं 'मुठीत मावतील एवढे' आलं तेव्हा त्यांनी आपली मूठ मिटली आणि तशीच ठेवली. मी पुढच्या ओळीवर गेलो. शेवटची ओळ झाल्यावर ते म्हणाले, "हे एका कागदावर बरं बसलं सर. मले तीन रजिस्टरं लागली."

उरलेल्या पुस्तकांत शुद्धिपत्र चिकटवलं. वाटलेल्यांपैकी जेवढ्यांचे पत्ते मिळाले त्यांना पोस्टाने पाठवलं. महिनाभराने ते निवृत्त प्राचार्य फोनवर मला म्हणाले, "अहो, तुमच्या शुद्धिपत्रानं घोळ केला. आता नायिका नवव्या प्रकरणात अचानक बदलते. हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" मी म्हणालो, नाही आलं. आत्या वारल्यानंतर मला इतका सरळ दोष कोणी दिला नव्हता, आणि या वेळी तो मी आनंदाने घेतला. विजयभाऊंनी त्यानंतर मला दोन महिने कादंबरी दिली नाही. पाककृतींचं पुस्तक दिलं. त्यात कोणाला डोळे नसतात.

मग एक दिवस शाहीनचा पुसदहून फोन आला.

"सर, एक सांगू का? शुद्धिपत्रात चूक आहे. त्यात 'उजव्या पापणीवर तीळ' असं आहे. अम्मीचा तीळ डाव्या पापणीवर होता. मला पक्कं आठवतं."

मी रजिस्टरची झेरॉक्स काढून बघितली. हमीदभाईंच्या अक्षरात स्पष्ट 'उजव्या' होतं. आधार कार्ड बघून काही उपयोग नव्हता, त्यात तीळ दिसतच नाही असं शाहीनच म्हणाली होती. या वेळी मी समासात प्रश्नचिन्ह काढलं, आणि मग दुकानात फोन लावला.

"हमीदभाई, भाभींचा तीळ कोणत्या पापणीवर होता?"

एवढंच विचारून मी गप्प बसलो. मोटरीचा आवाज येत होता. त्यांनी तो बंद केला. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मी आकडे मोजले नाहीत.

"शाहीननं सांगितलं असन," ते म्हणाले. "बरोबर हाये तिचं. डाव्या. पण मी पलंगासमोर बसून लेहत होतो सर. मी बसलो होतो तिथून पाहाल तर उजव्या अंगालेच दिसे."

"मग बदलू का? दुसरा कागद छापता येईल."

"नका बदलू."

क्वेरीच्या रकान्यात मी उत्तर लिहिलं, 'लेखक समोर बसले होते', आणि तीळ होता तिथेच राहू दिला.